साक्षीला डॉक्टर

धंतोलीतल्या दवाखान्यात अ‍ॅडव्होकेट मयुरा खोब्रागडेंनी देवराव बारापात्रेंना मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. खापरखेड्याचं घर पुतणीला, दीपमालाला. काकांना ट्रकने उडवल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती. मृत्युपत्राशिवाय घर मुलाकडे, रजतकडे जाणार होतं, आणि तो पुण्याहून एकदाही आला नव्हता.

आदल्या दिवशी देवरावांनी मयुरांना स्वतःच सगळं सांगितलं होतं. तेव्हा दोन शेजारी साक्षीला तयार होते. पण पुढे वाद नको, साक्षीला डॉक्टरच हवेत, म्हणून मयुरांनी सही एक दिवस पुढे ढकलली. रात्री ताप चढला.

मृत्युपत्र वाचलं की सगळ्यांसमोर उलट विचारायचं, ही मयुरांची रीत.

"काका, घर कोणाला देता?"

"देऊ काहून वं? मी मेलो का?" देवराव हसले. "घर जिजाचं आहे. रामटेकले गेली थे, येईन आता."

त्यांच्या बायकोला, जिजाबाईंना, वारून वर्षं लोटली होती. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं.

बाहेर दीपमालाने मयुरांना गाठलं. "मॅडम, अंगठा घेऊन टाका ना. कोण पाहून राहिलं?"

"शुद्धीत नसताना नाही घेता येत. ताप उतरला की लगेच फोन कर. डॉक्टर नसले तरी चालेल, मी शेजाऱ्यांनाच घेऊन येते."

"शेजारी चालतेत?" दीपमाला त्यांच्याकडे बघतच राहिली. "मंग काल काय झालं होतं?"