कमळाबाईंच्या पडवीतला तराजू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तराजू आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

हर्णे बंदरात चिमाच्या ओट्यावर मी वर्षानुवर्षं सुके बोंबील तोलले. चिमाची एक रीत होती. काटा मधोमध आला की ती आणखी एक मूठ मालाच्या पारड्यात टाकायची. पारडं झुकल्याशिवाय गिऱ्हाईक उठायचं नाही. सकाळी मला नमस्कार केल्याशिवाय धंदा सुरू होत नसे. मग आकडे दाखवणारा इलेक्ट्रिक काटा आला आणि मला ओट्याखाली ढकललं. साखळ्या गंजल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही.

कमळाबाईंनी मला तिथून उचललं. त्या पडवीत गणिताची शिकवणी घ्यायच्या. त्यांचा नवरा लवू बोटीवर इंजिन सांभाळायचा. त्याने मला घासलं, तेल लावलं आणि वजनांऐवजी इंजिनाचे सारखे नट आणून दिले.

चिमाची मुलगी शमिका नववीत होती. समीकरण सोडवताना ती हटकून एकाच बाजूचं वजा करायची. शाळेत सर सगळ्यांदेखत म्हणाले, "ओट्यावर बस जा. तुझं डोकं तेवढंच." वर्ग हसला. पोर बोलायचीच बंद झाली. चिमाने ठरवलं, सहामाहीत गणित राहिलं तर शाळा बंद. चूक येते कुठून, हे त्या सरांनी एकदा तरी विचारायचं होतं!

शिकवणीत माझ्या पारड्यांत नट मांडून कमळाबाईंनी ते विचारलं. "या बाजूचे तीन नट काढलेस, त्या बाजूचे का नाय गो?"

"राहू दे ना. आई म्हणते, पारडं झुकतं ठेवायचं."

बाई हसल्या, पण तिला नाही. "गिऱ्हाईकाला झुकतं दे, बाय. समीकरणाला एक नटही जास्त देऊ नको."

त्या दिवसापासून शमिका बोलू लागली. चुकायची, पुन्हा करायची. बाई घाई करत नसत.

गणपतीनंतर कमळाबाई तापाने गेल्या. लवूने मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. पोरं आली की "शिकवणी बंद" म्हणायचा आणि दार लावायचा. त्याचं रडणं मी वरून ऐकत होतो. तरी राग जात नव्हता. बाई गेल्या, म्हणून पोरांना का हाकलायचं?

सहामाही जवळ आली. शमिका दारात उभी राहिली, हटली नाही.

"लवूकाका, तराजू द्या."

"शिकवणार कोण तुला? मला जेमतेम आकडे येतात."

"शिकवू नका. नुसते समोर बसा. मी बोलेन ते ऐका."

"आणि चुकलीस तर मला काय कळणार?"

"काटा तरी कळतो ना? इंजिनवाले म्हणे!"

लवू शिडी घेऊन आला.

त्याने तिच्या नकळत दोन पातळ पिशव्यांत सारखे नट बांधले. एका पारड्यात त्या पिशव्या आणि तीन सुटे नट, दुसऱ्यात अकरा नट. काटा मधोमध. शमिकाने पिशव्यांकडचे तीन नट काढले.

"झुकलं," लवू म्हणाला.

शाळेत ती इथेच मान खाली घालून बसली असती. "थांबा, सांगू नका," म्हणत तिने दुसरीकडचेही तीन काढले. "दोन पिशव्यांना आठ. एकीत चार!"

"पिशवी सोडून बघ."

"कशाला? चारच आहेत."

लवूने डोळे पुसले. "चारच आहेत गो," म्हणाला.

सहामाहीत ती पास झाली. सरांनी विचारलं, "कॉपी केलीस काय?" ती म्हणाली, "फळ्यावर दुसरं गणित घाला, सर. आत्ता करते."

मित्रांनो, आता कळलं मी का रागावतो? मला तेल लावा, पावसात टाकू नका, हे तर सांगतोच. पण त्याआधी, चुकणाऱ्या पोराला हसू नका. शिकवता येत असेल तर शिकवा. येत नसेल, तर निदान त्याचं होईपर्यंत समोर बसा.