अर्धी टीप

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले की इकडे दुकानात मशीनवर दुसरे दाजी येऊन बसायचे. तोच चष्मा, गळ्यात तीच टेप. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बोबडी वळली. मग झाली सवय. मी शेजारी बसून काज-बटण करायचो आणि ते खाली मान घालून कोट शिवायचे.

आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, तर खूश. "एकावर एक फुकट नवरा!" ती म्हणायची. "त्यांना म्हणावं, जास्तीचे नमाजही पढा."

दाजी मात्र खंगत चालले होते. "अरे, सजद्यात कपाळ टेकलं की डोळ्यांपुढे अस्तर येतं," ते मला रडकुंडीला येऊन म्हणाले. "साठी आली. एक, फक्त एक नमाज मी अख्खा अल्लाहपुढे उभा राहून पढलो, असं म्हणता येत नाही. वर गेल्यावर काय दाखवू, बाह्या?"

मला हसू फुटलं आणि लगेच वाईटही वाटलं. रांगेत त्यांच्या डावीकडे कायम एक फट राहायची. "खांद्याला खांदा लावा," म्हणून इमाम ओरडायचे, लोक सरकायचे, पण फट काही बुजायची नाही.

एकदा दाजी अर्ध्या वाटेवरून टोपी विसरली म्हणून परत आले आणि दोघांची गाठ पडली.

"ऊठ तिथून!" दाजी कडाडले. "चल माझ्याबरोबर."

"कसा उठू?" मशीनवरचे दाजी म्हणाले. "जाताना दर वेळी टीप अर्धी सोडतोस. सुई कापडात रुतवून जातोस."

कापड सरकू नये म्हणून सुई रुतवून उठायचं, हे त्यांनी मलाही शिकवलं होतं.

त्यांनी चाक फिरवून सुई वर घेतली, कोट ओढून काढला आणि कचकन दोरा कापला.

"अहो, एक बाही लावायची राहिली! संध्याकाळी नवरदेव कोट न्यायला येणार!" आपा किंचाळली.

"येऊ दे."

मीही काजात सुई टोचून त्यांच्या मागे धावलो. फटीच्या अलीकडे उभा राहिलो. नवरदेव एका बाहीचा कोट घालून कसा दिसेल, याचाच विचार डोक्यात. तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत आलं आणि मधे घुसलं. मशीनच्या तेलाचा वास आला. नमाज संपताना सलामासाठी उजवीकडे मान वळवली, तर मधे कुणीच नव्हतं. फटही नव्हती. दाजींचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि ते लहान मुलासारखे रडत होते.

दुकानात आलो. आपा कमरेवर हात ठेवून उभी.

"बाहीचं काय?" तिने विचारलं.

"कुठली बाही?" दाजी म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हती.

"मशीनवर आज चिटपाखरू नव्हतं," आपा माझ्याकडे वळली. "तू तेवढा जागेवर होतास. काजं करत बसला होतास. किती हाका मारल्या, वर बघशील तर शपथ!"

मी कोट उचलून पाहिला. काजं सगळी झाली होती.