परक्या आसनापुढे टेकलेले निशाण

ऑगस्टमधला एक दिवस आमचे गाव सन १२६५ मध्ये जगते, आणि त्या दिवशी वरच्या पेठेतून कोणी कोणत्या वेषात बाहेर पडावे हे मी ठरवते. परगावचे परीक्षक मिरवणुकीतला एकेक माणूस न्याहाळतात. गेल्या वर्षी आमच्या ढोलकऱ्याच्या बोटाला जखमेवरची चिकटपट्टी दिसली आणि विजयाचा रेशमी पट खालच्या पेठेच्या स्वामिनीकडे, एर्सिलियाकडे गेला. वर्षभर तिने तो खिडकीत मिरवला.

माझा धाकटा भाऊ नाझारेनो तीस वर्षे आमचे निशाण वाहत आला होता. यंदा तो चष्मा लावून दारात उभा राहिला.

"काढ तो."

"अगं ताई, याच्याशिवाय मला माणसं दिसत नाहीत. नुसते डाग दिसतात."

"बाराशे पासष्टमध्ये नाकावर काच लावून कोण हिंडत होतं?"

"बाराशे पासष्टमध्ये मी या वयापर्यंत जगलोच नसतो!"

"मग निशाण ठेव खाली. घेणारे पुष्कळ आहेत."

त्याला बायको नाही, मूल नाही; त्या काठीवाचून त्याचे असे काहीच नव्हते. त्याने चष्मा माझ्या हातावर ठेवला. मी तो कमरेच्या बटव्यात टाकला.

चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही पेठांच्या स्वामिनींची, म्हणजे माझे आणि एर्सिलियाचे, अशी दोन आसने असतात. दोघींनाही काळी मखमल, डोक्यावर पांढरे वस्त्र. निशाणदाराने आपल्या स्वामिनीपुढे निशाण जमिनीला टेकवायचे, आणि ते टेकेपर्यंत तिने तोंडातून शब्द काढायचा नाही.

नाझारेनो चौकाच्या मधोमध थांबला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मी साधी खाकरलेही नाही.

"इकडे रे, नाझारेनो, इकडे!" खालच्या पेठेतून कोणी तरी ओरडले.

तो बिचकत वळला, सरळ चालत गेला आणि त्याने एर्सिलियाच्या पायांशी आमचे निशाण टेकवले.

सारा चौक खदखदून हसला. एर्सिलिया म्हणाली, "क्लेलिया, तुझ्या घरात एकाला तरी माणसं कळतात गं!"

आवाज ऐकताच त्याचा चेहरा पांढरा पडला. मी खाली उतरले, निशाण त्याच्या मुठीतून सोडवले आणि पेठेच्या रंगाचा अंगरखा सर्वांदेखत त्याच्या अंगावरून उतरवला. परक्या स्वामिनीपुढे झुकलेल्याला तो घालता येत नाही.

"ताई, चुकलं माझं. चष्मा तरी दे, घरी कसा येऊ?"

"बाराशे पासष्टमध्ये चष्मा नव्हता," मी म्हणाले, "आणि माझ्या घरी तुला यायचं नाही."

मी चढ चढू लागले. मागे तो भिंत चाचपत होता. लोक अजून हसत होते.

परीक्षक केवळ वेष तपासतात. आमच्यात त्यांना एकही दोष सापडला नाही; पट आता माझ्या खिडकीत आहे. नाझारेनो एर्सिलियाच्या मागच्या खोलीत राहतो. नवा चष्मा तिनेच करून दिला म्हणतात. जुना माझ्या बटव्यात आहे. हवा असेल तर त्याने मागायला यावे.