प्रथिनांचे शेजारी

चालताना तोल जायला लागला तेव्हा सुखदेव वाघमारे चाळिशीत होते. दारूला कधी शिवले नव्हते, तरी पिऊन कामावर येतात म्हणून कारखान्याने त्यांना काढून टाकलं. बिबवेवाडीतल्या गल्लीतही लोक तेच बोलायचे. आजाराचं नाव कळेपर्यंत त्यांनी अंथरूण धरलं होतं. लहान मेंदू झिजवणारा, आईबापाकडून मुलांत उतरणारा आजार.

त्यांची मुलगी मैत्री जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकली आणि २००७ साली कोथरूडच्या एका कंपनीत लागली. पेशीतलं कोणतं प्रथिन कोणाशी जोडलं जातं, त्याचं जाळं ती स्क्रीनवर मांडायची. बाबांच्या आजारात बिघडणारं प्रथिन तिने त्यात शोधलं. त्याच्या अवतीभवती तोल घालवणाऱ्या दुसऱ्या आजारांचीही प्रथिनं निघाली. वेगळे समजले जाणारे आजार आत एकमेकांना लागून होते.

तिने लॅपटॉप बाबांच्या उशाशी नेला.

"मग औषध?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"अजून नाही, बाबा. कुठे शोधायचं, एवढं कळायला लागलंय."

"बरं," म्हणून त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मैत्रीच्या धाकट्या भावाचं, अभयचं, लग्न पायलशी ठरलं. साखरपुड्याची खरेदी करून दुकानाचा जिना उतरताना त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. मैत्रीने ते पाहिलं.

"अभय, रक्त तपासून घे."

"आणि निघालं तर? काय देणार तू मला? जाळ्याचं चित्र?"

"निदान पायलला सांग."

"ताई, तू यात पडू नकोस."

पुढच्याच आठवड्यात पायलचा फोन आला. "ताई, बाबांना नेमकं काय झालंय? अभय म्हणतो, लकवा आहे."

मैत्रीला खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. लग्न मोडलं. अभय घर सोडून गेला.

"खरं बोललीस," आई म्हणाली, "पण माझा पोरगा गेला."

हिवाळ्यात सुखदेव गेले. बुद्धवंदना आटोपल्यावर अभय मैत्रीजवळ आला. "देतो रक्त. रिपोर्ट तू आण. माझ्याने उघडवणार नाही."

रिपोर्ट हातात आल्यावर तिने लॅबच्या पायरीवरूनच त्याला फोन लावला.

"बोल," अभय म्हणाला.

"अभय, तू आधी घरी ये."

"कळलं. आईला मी सांगतो." मग त्याने विचारलं, "तू स्वतःची तपासणी केलीस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.