खालून तीन ठोके

मित्रांनो, किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कमरेएवढं खणलंत, तर मी तुम्हाला सापडेन. मी काचेची तार आहे आणि आता जुनी झाले आहे. काच म्हटलं की तुम्हाला लोणच्याची बरणी आठवेल. मी मात्र तुमच्या डोक्यावरच्या केसाएवढी बारीक आहे आणि लांबीला काही कोस आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शुद्ध काचेची एक जाड कांडी उंच मनोऱ्यावर तापवली, तिचा थेंब खाली लोंबला आणि त्याच्या मागोमाग मी सुतासारखी ओढली गेले. माझ्यासारख्या सहा जणींना एका काळ्या नळीत घातलं. १९९७ साली मजुरांनी रस्त्याकडेने चर खणला आणि आम्हाला त्यात निजवलं. वर माती पडली, आणि मग उजेड संपला.

माझ्या पाच बहिणींमधून टेलिफोनवरची बोलणी धावू लागली. मला मात्र राखून ठेवलं होतं, एखादी तुटली तर उपयोगी पडावी म्हणून. कोणी तुटलंच नाही. अकरा वर्षं माझ्या अंगातून उजेडाचा एक कणही गेला नाही.

त्या अंधारात मी काय करत होते? जाणवून घेत होते. घूस माती उकरायची ते कळायचं. बाभळीचं मूळ वर्षाला बोटभर सरकायचं तेही कळायचं. एसटी आली की दूरवरून माती थरथरू लागायची. आणि अधूनमधून, फार खालून, जमीन गुरगुरायची. वरच्या घरांतली भांडी वाजायची. लोक दारात येऊन उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मला सारं जाणवत होतं, पण सांगायला जीभ नव्हती.

ती जीभ २००८ साली मिळाली. ही गुरगुर अभ्यासायला मुंबईहून शेखर सर आले. पडून राहिलेली एक तार द्या, एवढंच त्यांनी मागितलं. टेलिफोन एक्स्चेंजमागच्या खोलीत टेबलावर त्यांनी माझं टोक एका पेटीला जोडलं आणि माझ्यात उजेड सोडला. मित्रांनो, अकरा वर्षांनंतरचा तो पहिला उजेड! तो माझ्या अंगातून धावताना प्रत्येक ठिकाणाहून थोडासा परत फिरे. जिथे माती हलली असेल, तिथून परतलेला उजेड बदललेला असे. माती कुठे हलली आणि कशी हलली, ते त्यावरून पेटीच्या पडद्यावर उमटे.

पडद्यापुढे बसायला सरांनी दीप्तीला नेमलं. ती किन्हवलीच्या बौद्धवाड्यातली, शहापूरच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. महिन्याभरात तिला माझी भाषा येऊ लागली. तिरकी लांब रेघ म्हणजे एसटी. बारीक ठिपक्यांचा सडा म्हणजे शेळ्या. "सर, आज दूधवाला उशिरा गेला," असं ती रस्त्याकडे न बघता सांगायची, आणि सर हसायचे.

एप्रिल सरत आला होता. रस्त्यालगत केरू नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात जुनी विहीर खोल करायचं काम चाललं होतं. खाली उतरायचा नवसू. विहिरी खणण्यात त्याचा हात धरणारा त्या बाजूला कोणी नव्हता. वर दोर सांभाळायला त्याची बायको लहानी असायची. त्या दिवशी सकाळी सव्वादहाला माझ्या अंगावर एकदम मोठा धक्का बसला. विहिरीची एक बाजू ढासळली होती. दोर लहानीच्या हातातून तळवे सोलून निघून गेला.

गाव धावलं. दक्षिणेकडे ढिगाऱ्यावर नवसूचं घमेलं दिसत होतं, म्हणून तिथेच उपसायला लागले. उन्हं चढली. दुपारी दोनच्या सुमारास विहिरीची दुसरी बाजूही भेगाळली, तेव्हा कोंडूकाकांनी सगळ्यांना वर बोलावलं. कोंडूकाका गावात वडीलधारे, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. ते म्हणाले, "आता बस करा रे. आत माणूस ऱ्हायला नाय. आनखी दोघं घालवू नका. उद्या मशीन येल, मग काढू." बायकांनी लहानीला धरून बसवलं आणि रडणं सुरू झालं. ती सगळी माणसं माझ्याच अंगावर, रस्त्याच्या कडेला उभी होती, म्हणून हे मला ऐकू आलं.

तिकडे खोलीत दीप्ती पडद्याला डोळे लावून बसली होती. गर्दीच्या पावलांचा नुसता चिखल दिसत होता. लोक थांबले तसा तो चिखल विरळ झाला आणि त्याच्या खालून काहीतरी वर आलं.

तीन ठोके. मग थांबणं. पुन्हा तीन ठोके.

मला ते सकाळपासून जाणवत होते. खालून येत होते, सावकाश, घाई नसल्यासारखे.

"सर, हे काय आहे?" दीप्तीने पडद्यावर बोट ठेवलं.

"पंप असेल एखादा."

"लाइट गेलीय सकाळपासून, आपली पेटीही बॅटरीवर चाललीय. पंप कुठला?"

सर पुढे वाकले. पडद्यावरचे ठोके त्यांनी बोटांवर मोजले. मग म्हणाले, "तू सायकल घेऊन केरूच्या विहिरीवर जा. मी इथे बसतो. मोबाइल चालू ठेव."

दीप्ती विहिरीपाशी पोचली तेव्हा लोक पांगायला लागले होते. "कोंडूकाका, थांबा! खालून कोणीतरी ठोकतंय."

"तुला कुनी सांगितलं?"

"तारेनं. तुमच्या पायाखाली आहे ती."

"गो पोरी, मेल्या मानसाची चेष्टा करतेस?" एक जण ओरडला.

"चेष्टा नाही. फक्त दोन मिनिटं कोणी हलू नका. पाय उचलू नका. मग वाटेल ते बोला मला."

तेवढ्यात लहानी उठली. रक्ताळलेले तळवे पुढे करून म्हणाली, "उभं ऱ्हा सगळे. तिला ऐकू द्या."

मित्रांनो, दीडशे माणसं भर उन्हात पुतळ्यासारखी उभी राहिली. पोरांची तोंडं आयांनी दाबून धरली. माझ्या अंगावर इतकी शांतता कधीच उतरली नव्हती. दीप्तीच्या मोबाइलमधून सरांचा आवाज आला. "शांत आहे... अजून शांत... आले. एक, दोन, तीन." जरा वेळ गेला. "पुन्हा तीन. दीप्ती, तुम्ही उपसलंत त्या बाजूला नाही. उत्तरेकडे."

कोंडूकाका विहिरीकडे वळले. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून कमरेला बांधलं आणि पहार उचलली.

उत्तरेकडून तिरका मार्ग काढला. लाकडांचे टेकू दिले, धोंडे हातांनी उचलले. ठोके चालूच होते. दर थोड्या वेळाने सगळे थांबत, सर फोनवर मोजत, आणि पुन्हा टिकाव चालत. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा एका तिरक्या कातळाखाली पोकळी लागली. आत नवसू होता. तोंडात माती, कमरेपर्यंत मुरूम, पण श्वास चालू.

त्याला वर आणून खाटेवर निजवलं. लहानीने पदराने त्याचं तोंड पुसलं. दीप्ती वाकून म्हणाली, "नवसूदादा, तुम्ही ठोकत राहिलात म्हणून कळलं. कशानं ठोकत होतात?"

नवसूने डोळे उघडले. "मी?"

"हो. तीन-तीन ठोके."

"माजा एक हात धोंड्याखाली, दुसरा अंगाखाली. बोट हलवता येत नव्हतं, ताय." त्याला धाप लागली. "मी ऐकत व्हतो. वाटलं, तुमीच ठोकताय वरून. बोलावताय मला. त्या आवाजावर तर जीव धरून ऱ्हायलो."

"आम्ही वरून नाही ठोकलं," दीप्ती हळूच म्हणाली.

नवसूने मान वळवून त्या काळ्या भगदाडाकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला. "आवाज वरून नव्हताच. माज्या पाठीकडनं येत व्हता."

खाटेभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरली. कोंडूकाकांनी सगळी माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. सकाळी विहिरीत नवसू एकटाच उतरला होता. गावातलं दुसरं कोणी कमी नव्हतं.

तरी त्यांनी खणायचं सोडलं नाही. कोंडूकाका म्हणाले, "कोन का असंना, आत हाय तर काढला पायजे." दुसऱ्या दिवशी मशीन आलं. नवसू पडून होता त्याच्या पाठीमागे तीन दिवस खणलं. अखंड कातळ लागला. त्यात फट नव्हती, भुयार नव्हतं, काही नव्हतं. सरांनी बरीच कारणं मांडली. कातळ तापून तडकतो, दाब सुटताना आवाज होतो. मग त्यांनी स्वतःच कागद मिटला. तडकणारा कातळ मोजून तीनदा वाजत नाही. तिसऱ्या संध्याकाळी मशीन थांबल्यावर ठोके एकदाच आले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

त्यानंतर माझं कौतुक झालं. पेपरात दीप्तीचा पेटीशेजारचा फोटो आला. पुढच्या वर्षी प्रयोगाची मुदत संपली, पेटी मुंबईला गेली, दीप्तीलाही ठाण्याला नोकरी लागली. मग रस्ता रुंद करणाऱ्या मशीनच्या दातांनी मला दोन ठिकाणी तोडलं. एक तुकडा वर आला. पोरांनी तो काही दिवस काठीला बांधून फिरवला. बाकीची मी अजून इथेच आहे. उजेड नाही, जीभ नाही. जाणवतं मात्र सगळं.

नवसूने विहिरी खणणं सोडलं. आता तो केरूच्या शेतावर राबतो. संध्याकाळी घरी जाताना त्या बुजवलेल्या विहिरीपाशी थांबतो. मला त्याची पावलं ओळखू येतात. तो काहीही करत नाही. नुसता उभा राहतो, अंगावरची माशीही न हाकलता, आणि मग लहानी हाक मारते तेव्हा निघतो.

मित्रांनो, ते ठोके कोणाचे, हे मला माहीत नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझी विनंती एवढीच. जमिनीत पहार मारण्याआधी खाली काय पुरलं आहे ते विचारा. आणि जर कधी एखादी मुलगी धावत आली, म्हणाली की खालून कोणी ठोकतंय, तर तिला हसू नका. पाय न हलवता उभे राहा. तेवढा वेळ तुमच्याकडे नक्की असतो. खालच्याकडे असेलच असं नाही.