सहावा फर्मा

गौरवग्रंथातून मजकूर कापला की जयराम ओतूरकरांच्या घरातलं तेवढं नाहीसं व्हायचं. सोमवारी संपादकांनी त्यांचं बालपण गाळलं आणि भिंतीवरचा आईवडिलांचा फोटो गेला. मंगळवारी दमा गाळला, तेव्हा ओतूरकरांना कित्येक वर्षांनी छातीभर श्वास घेता आला, म्हणून ते गप्प बसले.

बुधवारी ते चहा मागायला उठले, तर स्वयंपाकघराच्या जागी कोरी पांढरी भिंत. आणि सिंधूताई, त्यांची बायको, कुठेच नव्हती. ओतूरकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चाळीस वर्षांत या माणसाने एकशे ब्याऐंशी भयकादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येक आठ फर्म्यांची, फर्मा सोळा पानांचा. प्रकाशक त्यापुढे एक पान देत नसे. त्यामुळे एकशे विसावं पान आलं की जो कोणी जिवंत उरला असेल त्याला ओतूरकर विहिरीत ढकलत. वाचनालयांत या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची लक्तरं व्हायची, पण संमेलनवाल्यांनी त्यांना साधा मांडवातला पास कधी पाठवला नाही. आणि आता पंचाहत्तरी आली म्हणून गौरवग्रंथ, तोही कुणाच्या हातून? प्राध्यापक मोकाशींच्या, ज्यांनी वर्गात तीस वर्षं त्यांना गल्लाभरू म्हटलं.

मोकाशी छापखान्यात प्रुफं तपासत होते.

"माझी बायको कुठे आहे?" ओतूरकरांनी विचारलं.

"सहाव्या फर्म्यात होत्या," मोकाशी म्हणाले. "घरगुती मजकूर वाचतो कोण? भुतं सगळी ठेवली आहेत."

ओतूरकरांनी त्यांना सुनावलं. ही बाई वाचनालयातून आठवड्याला त्यांच्या तीन कादंबऱ्या नेणारी. तुमची हडळ एकशे अठ्ठावीस पानांत एकदाही जेवत नाही, हे काय लिहिणं झालं, असं तिने चिडून कार्डावर लिहून पाठवलं होतं. त्याचं उत्तर द्यायला ते स्वतः तिच्या घरी गेले आणि जेवून, लग्न ठरवूनच परतले. पुढचं प्रत्येक हस्तलिखित तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. ती गाळायची गोष्ट आहे?

"छानच आहे," मोकाशी म्हणाले. "पण ग्रंथ आठ फर्म्यांचा ठरलाय. तुम्हाला मी काय सांगू?"

"मग दुसरं काहीतरी काढा."

सोळा पानांचं एकच प्रकरण उरलं होतं: एकशे ब्याऐंशी कादंबऱ्यांची सूची. ती निघाली तर सिंधूताई बसत होत्या. मोकाशींनी लाल पेन पुढे केलं. सूची लेखकानेच काढायची असते, म्हणाले.

"एकही पुस्तक न वाचता तीस वर्षं शिव्या घातल्यात," ओतूरकर म्हणाले, "आणि आता पुसायचंही मीच?"

मोकाशींनी टोपण काढून दिलं.

नालायक लोक, असं मोठ्याने म्हणत ओतूरकरांनी रेघा मारायला सुरुवात केली. एकेक नाव जात होतं तसा मधल्या बोटावरचा लेखणीचा घट्टा मऊ पडत गेला. शेवटच्या नावाला बोट लहान मुलाच्या बोटासारखं झालं होतं. येताना नमस्कार केलेल्या छापखान्यातल्या कुणीही ते निघाले तेव्हा नमस्कार केला नाही.

गल्लीतच फोडणीचा वास आला. स्वयंपाकघर परत आलं होतं. दारावर मात्र पाटी होती सिंधू भागवत अशी, तिच्या माहेरच्या नावाची. ओतूरकरांनी बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. तीच सिंधू, तोच चष्मा, मनगटापर्यंत पीठ. त्यांना आनंदाने भडभडून आलं आणि रागही आवरेना.

"अगं, काय मनस्ताप दिला त्या मोकाशीने," ते म्हणाले. "उघड."

"कोण आपण?"

ओतूरकरांनी नाव सांगितलं. तिने ते मनाशी एकदा म्हणून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. हवं तर शेजारी विचारा, म्हणाली. त्यांच्यावरून नजर न काढता तिने मागच्या मागे हात नेऊन लाटणं घेतलं.

"माझं घर आहे हे," ओतूरकर म्हणाले आणि त्यांनी फटीत पाय घातला. आतून ती सगळा जोर लावून दार लोटत होती.