पाणी पेलायला शिकलेली जमीन

मित्रांनो, मी एक जुनी जमीन आहे. शेतातली नव्हे, घरातली. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतली. सिमेंट आणि बारीक खडी कुटून मला घोटले, तेव्हा मी इतकी गुळगुळीत होते की घरातली दोन भावंडे एकमेकांचे पाय धरून माझ्यावरून सरसर ओढत न्यायची. थोरली ती ताई, धाकटा तो तिचा भाऊ. खाट, कपाट आणि माणसांची पावले पेलायची, एवढेच माझे काम. ते मी पन्नास वर्षे बिनतक्रार केले.

भावाने पुढे खालच्या खोलीत पुस्तकबांधणीचा व्यवसाय थाटला. ताई वर राहिली. इस्पितळातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठू लागले. मग तिने खाट हलवली, लोखंडी मांडण्या उभ्या केल्या, त्यांना दिवे लावले आणि ट्रेमध्ये मुळा, मोहरी, वाटाण्याचे बी पेरले. बोटभर वाढलेली कोवळी रोपे कापून ती जवळच्या खानावळींना देई. रोपांना पाणी घालता घालता ती गुणगुणायची. त्या हिरव्या सावलीत मीही सुखावले होते.

पण पाणी कोणाचे ऐकते? ट्रे भरताना ते सांडे, झारीतून ठिबके. मांडण्यांच्या पायांशी मला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि भिंत व मी जिथे भेटतो तो सांधा पहिल्यापासूनच कच्चा. मी पाणी पीत राहिले. एके सकाळी ते खालच्या छतातून उतरले आणि थेट भावाच्या टेबलावर पडले.

टेबलावर एका वयस्कर शिक्षिकेची वही होती. त्यांच्या आईने स्वतः रचलेली गाणी तीत लिहिली होती. आई आता नव्हती. वहीची तेरा पाने शाईसकट धुऊन निघाली.

भाऊ वर आला. तो रागावला नाही, हेच मला जास्त लागले. वही पुढे करून तो एवढेच म्हणाला, "ताई, ही मी परत कशी करू?"

ताईने दिवे बंद केले आणि एकेक ट्रे उचलून जिन्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती स्वतःच शिक्षिकेकडे गेली आणि चूक आपली आहे असे सांगितले. शिक्षिका बराच वेळ पाने उलटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, काही गाणी अजून तोंडपाठ आहेत. मग रोज संध्याकाळी त्या आठवून सांगत आणि ताई लिहून घेई. नऊ पाने परत उभी राहिली. चार गेली ती गेलीच. हे सारे मला भावंडांच्या बोलण्यातून कळले, आणि भेगांत ओल असूनही माझा जीव सुकून गेला.

खोली तशीच ओस पडली होती. एक दिवस भाऊ एका म्हाताऱ्या गवंड्याला घेऊन वर आला. ताई म्हणाली, "राहू दे रे. माझ्या हौसेपायी तुझं नुकसान नको."

"तुझं गुणगुणणं खाली ऐकू यायचं," भाऊ म्हणाला. "पाणी नको, पण ते हवंय मला."

ताईने तोंड फिरवले आणि कोपऱ्यातली मांडणी उगाचच पुसायला घेतली.

गवंडीबाबा गुडघे धरत खाली बसले. हातोडीच्या लाकडी मुठीने मला जागोजागी ठोकून कुठे पोकळ वाजते ते कान देऊन ऐकत. जमीनच कुचकामी निघाली, असे ताई म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, "हिचा काय दोष? हिला पाणी पेलायला कुणी शिकवलंच नाही."

एवढ्या आयुष्यात माझी बाजू घेणारे ते पहिलेच.

त्यांनी भेगा उकरून, झाडून, भरून काढल्या. एका कडेला नळी बसवून पाणी तिच्याकडे वाहून जाईल असा ढाळ दिला. भिंतीच्या सांध्याला गोलाई दिली. मग रबरासारख्या लेपाचे दोन हात दिले, एक उभा, एक आडवा, आणि तो लेप भिंतीवरही वीतभर चढवला. लेप सुकल्यावर परीक्षा. नळीला बोळा लावून माझ्यावर चार बोटे पाणी भरले आणि दोन दिवस तसेच ठेवले. खाली भावाने टेबलभर पांढरा कागद पसरला. मित्रांनो, ते दोन दिवस माझ्या जिवात जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाऊ तो कागद घेऊन वर आला. "कोराही आहे आणि कोरडाही," तो म्हणाला. ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

याला सहा वर्षे झाली. आता मांडण्यांवर पुन्हा रोपे आहेत आणि त्यांच्या पायांखाली रबराच्या चकत्या. ताई सांडलेले पाणी लगेच टिपते आणि मला मऊ ब्रशने घासते. गवंडीबाबा वर्षातून एकदा येऊन मला ठोकून जातात.

मित्रांनो, कोणाला नवे काम सांगण्याआधी त्याला त्यासाठी तयार करा. आणि कोपऱ्यात ओलसर डाग दिसला, भिंतीचा पोपडा सुटला, तर तो कपाटाआड लपवू नका. आम्हाला वाचा नाही. तो डाग, तो पोपडा, हीच आमची हाक. आम्ही जमेल तितके पोटात घालतो, पण पोटात मावेनासे झाले की ते खाली राहणाऱ्याला भोगावे लागते.